करंटचं बोट

आजवर हे मी कुणाजवळ बोललो नाही, घरीसुद्धा नाही. तुम्हाला सांगतोय — का, ते मलाही नीट ठाऊक नाही.

मी आरमोरीकडच्या एका कॉलेजात बारावीला फिजिक्स शिकवतो. आमच्या अब्बांचं मोटार वाइंडिंगचं दुकान; धानाच्या शेतांवरच्या पंपांच्या जळालेल्या मोटारी तिथं नव्यानं तार गुंडाळायला यायच्या. डाव्या हाताचा नियम मी पुस्तकाआधी त्या दुकानात शिकलो — तर्जनी चुंबकाची, मधलं बोट करंटचं, आणि अंगठा दाखवेल तिकडे तार सरकणार. वर्गात मला याचाच केवढा तोरा होता.

त्या दिवशी फळ्यावर तार नव्हती, इलेक्ट्रॉन होता. मी सवयीनं मधलं बोट त्याच्या वाटेनं धरलं आणि अंगठा बघून सांगून टाकलं — वर वळेल. मागच्या बाकावरून रजनी उठली. जंगलातल्या गावची, एरवी तोंडही न उघडणारी मुलगी.

"सर, इलेक्ट्रॉन ऋण राह्यते नं? मंग करंटचं बोट उलटं धरा लागन."

बरोबर होतं. मला तेव्हाच कळलं होतं का? — हो, कळलं होतं. नंतर पुस्तकात पाहून कळलं, असं मी स्वतःला कित्येक वर्षं सांगत आलो. ते खोटं आहे. बोट तिथल्या तिथे वळवायचं होतं, एवढंच. पण मोटारवाल्याच्या पोराला ही शिकवणार? मी म्हणालो, "तुह्या गावात लाईट तरी राह्यते काय?"

वर्ग हसला. तिची तीन बोटं बाकावर अजून तशीच ताठ होती. मग तिनं मूठ मिटली आणि खाली बसली. ती मूठ आठवली की मला आजही माझी किळस येते.

दुसऱ्या दिवशी मी पुढचं प्रकरण घेतलं. बोर्डाच्या पेपरात नेमका तोच प्रश्न आला. पेपर सुटल्यावर रजनी गेटपाशी थांबली होती — मला सांगायला.

"सर, तुमी सांगतलं तसंच लिवलं. वर."

तिला वाटलं, सरांना बरं वाटेल. मी "छान" म्हणालो.

पुढे तिनं विज्ञान सोडलं. फिजिक्स आपल्याले जमत नाई, असं मैत्रिणींना म्हणाली म्हणे.

आता दरवर्षी मी हे बरोबर शिकवतो. ऋण असेल तर करंटचं बोट उलटं धरा — पोरं वहीत उतरवून घेतात, वर कंसात लिहितात, 'सरांची युक्ती'. मी लिहू देतो. यंदाही लिहू दिलं.