दुसरी फेरी

“किती सापडली ते नको. पुन्हा किती सापडली ते सांग.” आमच्या सांख्यिकी विभागातल्या मॅडम चष्मा कपाळावर सरकवून असं म्हणाल्या, की नवा माणूस गोंधळायचा. मीही गोंधळलो होतो.

त्या मूळच्या साताऱ्याच्या, प्राणिशास्त्र शिकलेल्या. दिल्लीत लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये एकट्या राहत. तळ्यातले मासे कसे मोजतात, हे त्यांनी मला कच्च्या राजम्यावर शिकवलं. डब्यातून मूठभर दाणे काढले, पेनानं ठिपके दिले, परत मिसळले आणि पुन्हा मूठ भरली.

“ठिपकेवाले भरपूर आले तर तळ्यात मासे थोडे. एखाददुसराच आला तर?”

“खूप मासे.”

“बिल्कुल! मग माणसं मोजताना ही अक्कल का नाही वापरायची?”

तुम्ही म्हणाल, हा तर खेळ झाला. मलाही तसंच वाटलं होतं.

दिल्लीच्याच द्वारका भागातल्या एका मोठ्या बांधकामावर लस न मिळालेल्या मुलांची यादी मी केली. साहेबांनी ती वर पाठवूनही दिली. मॅडमनी मात्र, माझी यादी न दाखवता, दुसऱ्या माणसाला तिथं धाडलं. दोन्ही याद्यांत सारखी नावं अगदी थोडी निघाली. माझा चेहरा उतरला.

“अरे, तू खोटं नाही लिहिलंस. दिसलं तेवढं लिहिलंस. न दिसलेल्यांचा अंदाज आता आपण करू.”

अंदाज यादीच्या कितीतरी पुढे गेला. साहेब चिडले. “मॅडम, ये बच्चे हैं, मछलियाँ नहीं!”

“इसीलिए तो, सर. मछली छूट जाए तो चलता है.”

साहेबांनी वाढीव लशींच्या कागदावर सही केली.

आम्ही तिसऱ्यांदा गेलो. सिमेंटच्या गोदामामागे पत्र्याच्या खोल्यांची एक रांगच होती. कुणी आलं की मुलांना आत ठेवा, असं ठेकेदारानं बजावलेलं. मॅडम दारोदार बसून बोलल्या. हळूहळू आया मुलांना घेऊन बाहेर आल्या. लस कुणालाच कमी पडली नाही.

पुढे त्यांच्या निवृत्तीच्या दिवशी आम्ही हार आणला, समोसे मागवले. साहेब भाषण घेऊन तयार. खुर्ची रिकामी. फोन लागेना.

“कुठं आहेत त्या?” साहेबांनी मला विचारलं.

मी कॅलेंडर पाहिलं. त्या मुलांच्या दुसऱ्या डोसची तारीख होती.