वहिनी फोटो सांगायच्या

मी जन्मापासून आंधळी आहे आणि त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. तक्रार आहे ती फोनबद्दल. अक्षर असलं की तो घडाघडा वाचून दाखवतो, पण फोटो आला की एकच शब्द बोलतो, "फोटो". घरच्या ग्रुपवर दिवसातून वीस वेळा हे ऐकायचं म्हणजे पंगतीबाहेर बसून नुसता वाढप्यांचा आवाज ऐकायचा.

मी नगरला एका सरकारी कचेरीत टेलिफोन ऑपरेटर आहे. माहेर पाथर्डीच्या पुढे, डोंगराच्या अंगाला. एकदा चिडून मी ग्रुपवर सगळ्यांना बजावलं, फोटोखाली दोन ओळी लिहीत जा, माझा फोन त्या वाचतो. भावाने लिहिलं, "छान फोटो." भाच्याने नुसता अंगठा टाकला.

माझं म्हणणं कळलं ते सातवी शिकलेल्या वहिनींना. त्यांना टायपिंग जमत नव्हतं, म्हणून त्या बोलून निरोप पाठवायच्या. "वन्सं, डावीकडून सांगते," अशी सुरुवात. आधी साड्या, मग दागिने, मग कोण कोणाशी बोलत न्हाई ते. भाचीच्या साखरपुड्याचा एक फोटो त्यांनी सहा मिनिटं सांगितला होता. जेवणाच्या सुट्टीत मी तो ऐकत बसले आणि डबा तसाच राहिला. स्वतःबद्दल मात्र अगदी शेवटी, घाईघाईत: "मी हाय कडंला, जाडीच्या जाडी."

दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यापासून मी माहेरी येते म्हणाले की वहिनी काहीतरी निमित्त काढायच्या. रस्ता खोदलाय, घराला रंग चाललाय, ऊन लई हाय. पाथर्डीच्या स्टँडवर भाऊ घ्यायला येतो तेव्हाच मला घरी जाता येतं, त्यामुळे त्यांनी नको म्हटलं की माझं जाणं खुंटलं. मला राग आला होता. भावजय आली की माहेर तिचं, असं मी कचेरीत बोलूनही दाखवलं.

त्याच वर्षी वसुबारसेच्या चार दिवस आधी भावाचा फोन आला. वहिनी गेल्या होत्या. पोटाचा आजार उन्हाळ्यातच कळला होता. वन्संला सांगू नका, त्या नोकरी सोडून येऊन बसतील, अशी त्यांनी सगळ्यांना शपथ घातली होती. आणि माझ्या घरच्यांनी ती पाळली. एरवी या लोकांच्या तोंडात तीळ भिजत नाही.

गेल्या महिन्यात मी फोन बदलला. नवा फोन फोटोत काय आहे ते सांगतो. कचेरीतल्या पोरी म्हणाल्या, आता तुमचं काही अडायचं नाही. खरंच अडत नाही. पण तो सगळं एकाच सुरात सांगतो, त्याला कोणाचं कोणाशी पटत नाही हे ठाऊक नसतं. मला वहिनींची इतकी आठवण येते की कधी कधी मी उगाच फोनवर डाफरते.

रविवारी मी जुने फोटो काढून बसले. मला वहिनींनाच बघायचं होतं, कारण त्यांनी स्वतःला मला कधी नीट दाखवलंच नव्हतं. त्या वर्षीच्या पोळ्याचा फोटो निघाला. फोन म्हणाला, "दोन सजवलेले बैल. हातात ताट घेतलेली एक तरुणी. खुर्चीत बसलेली अतिशय कृश स्त्री, अंगावर शाल, डोक्याला रुमाल. तिच्या मागे एक माणूस तिचे दोन्ही खांदे धरून उभा आहे." खांदे धरणारा माझा भाऊ. मी ते चार वेळा ऐकलं.

फोटोच्या खाली वहिनींचा निरोप होता. "वन्सं, डावीकडून सांगते. बैलांची शिंगं औंदा निळी केलीत, भाच्याची हौस तुमच्या. पूजा सूनबाईला करू दिली. आन मी खुर्चीत बसून हुकूम सोडते, पाटलीणबाईसारखी. तुमचे दादा मागं उभे, चाकरीला."

त्याच्याखाली माझं उत्तर. ते मी कधी पुन्हा ऐकलं नव्हतं. माझाच आवाज, फुरंगटलेला: "बसा, बसा खुर्चीत. मला बोलवायचं नाही आणि वर थाट सांगायचा. आता मी दिवाळीशिवाय येत नाही."

त्याखाली वहिनी आहेत, तीन सेकंद. "बरं. दिवाळीला या मग."