धनेश धरून तिघं

दिपालीला दारात बघून लोक आधी फिनेलवाली समजायचे, मग बँकेची. ती दोन्हीही नव्हती. चौलची ही बाई सर्वेक्षणाचा टॅब घेऊन गावोगाव फिरायची आणि विचारायची, "तुम्हाला सगळ्यात जास्त काळजी कशाची वाटते?" तीस देशांत एकाच महिन्यात हाच प्रश्न, आणि उत्तरासाठी अठरा काळज्यांची यादी. जणू काळज्या मोजूनमापून अठराच असतात! सात वर्षांत तिला एक गोष्ट पक्की कळली होती. लोक मनातली काळजी सांगत नाहीत, परक्याला सांगण्याजोगी सांगतात. म्हणून तर जो तो महागाईवर बोट ठेवतो.

पेणकडच्या एका मिठागराच्या गावात ती सोनाबाईंच्या ओटीवर बसली. घरातल्या मोठ्या माणसांची नावं भरायची, टॅब त्यांतलं एक निवडणार आणि बोलायचं फक्त त्याच्याशी, असा नियम. सोनाबाईंनी सरळ रेशनकार्डच पुढे केलं. नवरा तुळशीराम, त्या स्वतः आणि मुलगा धनेश. टॅबने धनेशला उचललं.

"कधी भेटतील ते?"

"येल ना. कंटेनर घेऊन गेलाय."

माणूस घरी नसेल तर तीनदा जायचं, हाही नियमच. दुसऱ्या खेपेलाही धनेश नव्हता. परतताना शेजारच्या कमळने तिला वाटेत गाठलं. "चार वर्सं झाली त्याला जाऊन. गाडी गुजरातच्या रस्त्याला उभी गावली, चावी गाडीलाच. मानूस न्हाय."

दिपालीने कपाळाला हात लावला. चूक तिचीच होती. हा इथे राहतो का, एवढं विचारायला हवं होतं. रेशनकार्डावरून कुणी माणसं मोजतं का!

तिसऱ्या खेपेला सोनाबाई नवं लुगडं नेसून ओटीवर वाट बघत होत्या. "पोलीस एकदाच आलं," त्या म्हणाल्या, "तू तीनदा आलीस माज्या पोरासाठी."

दिपालीने टॅब उघडला. 'उपलब्ध नाही' दाबून सुटता आलं असतं. पण मग या बाईला कुणी काही विचारलंच नसतं, आणि तेही तिला बघवेना. ती बोलून गेली, "काकी, तो इथे राहत नाही असं घरच्यांनी सांगितलं तर नाव काढता येतं. मग कदाचित तुम्हाला विचारता येईल."

सोनाबाईंनी नाही म्हणून मान हलवली. तेवढ्यात तुळशीराम दारात आले. रेशन दुकानदाराने कितीदा सांगूनही त्यांनी ते नाव कमी केलं नव्हतं. पण बायकोला असं नटून वाट बघताना त्यांना आता बघवत नव्हतं.

"काढ, पोरी," ते म्हणाले. "न्हाय रहात तो हितं."

नाव गेलं. टॅबने सोनाबाईंना उचललं. दिपालीने अठराही काळज्या वाचून दाखवल्या. महागाई, बेकारी, आजारपण, हवामान.

सोनाबाई नवऱ्याकडे बघत राहिल्या. "आता कसली काळजी, बाय? होती ती काढलीत ना तुमी."

यादीच्या तळाशी एक पर्याय होता, 'काहीच काळजी नाही'. दिपालीने तोच दाबला.

निकाल आला तेव्हा काळजी नसलेली माणसं थोडीच निघाली. त्यांतली एक मिठागराच्या गावात ओटीवर बसलेली होती, आणि तिला त्या रांगेत दिपालीनेच बसवलं होतं.