शेजारच्या सीटवरची टाकी

झाशीजवळच्या बिजौलीत आमच्या कारखान्याच्या गेटसमोर एका दुपारी घरवजा गाडी येऊन थांबली. आत ओटा, बिछाना, खिडक्यांना पडदे. चालवणाऱ्या साठीच्या बाई उतरून मला म्हणाल्या, "भैया, नाली किधर है? गंदा पानी है, सड़क पर नहीं फेंकूँगी."

हिंदीच्या वळणावरून ओळखून मी मराठीत उत्तर दिलं. झाशीत मराठी माणूस भेटल्याचं त्यांना नवल वाटलं, पण आधी पाण्याचा निकाल लावायचा होता.

भांडी-आंघोळीचं पाणी साठवायची त्यांची चाकं लावलेली टाकी चांगली ऐसपैस होती. गेटच्या आतल्या मोरीत आम्ही ती रिकामी केली. बाईंनी ती नीट विसळली, जाड नळी झटकून गुंडाळली आणि टाकी ढकलत ड्रायव्हरशेजारच्या सीटकडे निघाल्या.

टपावरचं कॅरिअर तर रिकामं होतं. मी म्हटलं, "वर जागा आहे की. मी चढवून देतो."

"वर हे चढवायचे," त्या म्हणाल्या. "तुम्ही चढवाल हो, पण पुढच्या मुक्कामी उतरवणार कोण? आणि मागे ठेवली तर अंथरुणाला वास लागतो."

'हे' कुठे आहेत, असं मी विचारलं नाही. टाकी उचलून सीटवर ठेवली. गाडी सुरू होताच आतून टूं-टूं वाजायला लागलं. बाईंनी न बघताच हात लांब करून टाकीभोवती सीटचा पट्टा अडकवला.

"पट्टा नाही लावला की गाडी ओरडत राहते," त्या म्हणाल्या. "हेसुद्धा कधी आपणहून लावायचे नाहीत."