मधोमध चढलेला आवाज

आमचे थोरले काका एका ध्वनिमुद्रण स्टुडिओत मिक्सर बांधायचे, बिघडले तर दुरुस्त करायचे. कुठलाही आकडा तीन दशांशांपर्यंत काढल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे, म्हणून स्टुडिओत त्यांचं नावच 'दशांश' पडलं होतं. काकूसुद्धा वैतागली की म्हणायची, "अहो दशांश, चिमूटभर म्हणजे चिमूटभर. मोजू नका."

एका मोठ्या तापातून ते उठले, तेव्हा उजवा कान कायमचा गेला होता. काकूखेरीज त्यांनी कुणाला पत्ता लागू दिला नाही. माणसाच्या उजव्या बाजूला उभं राहायचं, म्हणजे बोलणं आपल्या डाव्या कानात पडतं, एवढी युक्ती त्यांना पुरली.

मग नव्या मिक्सरचं काम आलं. चोवीस चॅनल, आणि प्रत्येकाला आवाज डावीकडून उजवीकडे सरकवणारा नॉब. नॉब मधोमध असताना आवाज दोन्ही स्पीकरमधून येतो. तेव्हा प्रत्येक बाजूला, नॉब टोकाला असताना जेवढा येतो त्याच्या साधारण एकाहत्तर टक्के उरला, तर सरकताना तो लहानमोठा वाटत नाही. काकांनी वहीत मांडलं : दहा हजार ओहमचा नॉब, दोन्हीकडे सहा हजार आठशेचे रेझिस्टर. मधोमध गेन, म्हणजे आत गेलेल्यापैकी बाहेर येणारा भाग, ०.४२४, टोकाला ०.५९५. भागाकार ०.७१२. मीटरनंही तेच दाखवलं.

"एकदा ऐकून बघायचं का?" रेकॉर्डिस्टनं विचारलं.

"मीटरनं दाखवलंय ना."

"मग झालं. तुमचा हिशेब म्हणजे काळ्या दगडावरची रेघ."

पहिलंच काम एका श्राव्य नाटकाचं होतं. घर सोडून निघालेली म्हातारी बोलत बोलत डाव्या टोकापासून उजव्या टोकापर्यंत जाते, असा शेवटचा प्रवेश. काम करणाऱ्या बाईंच्या घशाची शस्त्रक्रिया आठवड्यावर आली होती. त्यानंतर आवाज राहील याची खात्री नव्हती. बाईंनी एका दमात प्रवेश केला. इतर सगळे आवाज त्याच वेळी मिसळून थेट टेपवर गेले. रेकॉर्डिस्ट चोवीस चॅनल सांभाळण्यात गुंतला होता; ऐकायला काका तिथेच उभे होते.

शस्त्रक्रिया झाल्यावर दिग्दर्शकानं टेप नीट ऐकली. "मधे आली की म्हातारी अंगावर येते! तिचा एकटीचा आवाज आता कमी कसा करायचा?" तो काकांकडे वळला. "तुम्ही इथेच होतात की. ऐकू नाही आलं?"

"नाही," काका म्हणाले. "उजवा कान गेलाय माझा. वर्ष होत आलं."

रेकॉर्डिस्टनं मान खाली घातली.

घरी येऊन काकांनी वही उघडली. चूक पाच मिनिटांत सापडली. पुढचा ॲम्प्लिफायर जोडण्याआधीच त्यांनी गेन मोजला होता. त्या ॲम्प्लिफायरचा भार होता अवघा अडीच हजार ओहमचा; ओहम जितके कमी, तितकं ओझं जास्त. तो धरला की मधोमध ०.१९७, टोकाला ०.२२७. एकाहत्तरऐवजी सत्त्याऐंशी टक्के.

"एक शब्द बोलला असतात, तर दुसऱ्या कुणी ऐकलं असतं," काकू म्हणाली. काकांनी मान डोलावली.

चार दिवस खपून त्यांनी प्रत्येक चॅनलच्या दोन्ही वाटांवर एकेक बफर, मधला छोटा ॲम्प्लिफायर, बसवला, म्हणजे नॉबवर भार पडणार नाही. या वेळी रेकॉर्डिस्टला बसवून चोवीसच्या चोवीस चॅनल ऐकवले. मग राजीनामा दिला. मालकानं 'राहा' म्हटलं नाही.

बाईंना भेटायला ते एकटेच गेले. गळ्याला पट्टी होती. आवाज गेला तो गेलाच होता. काकांनी सगळं सांगितलं, आकड्यांसकट. बाईंनी कागद ओढला आणि लिहिलं : 'उभा जन्म कोपऱ्यातल्या भूमिका केल्या. एकदा मधे आले, तर मोठी झाले. बिघडलं कुठं?'

त्या हसत होत्या. काकांना हसता आलं नाही. कागद घडी करून त्यांनी खिशात ठेवला.

टेप होती तशीच लोकांना ऐकवली गेली. पुढे कुणी दुरुस्तीला काही आणलं, तर काका काकूकडून निरोप द्यायचे, घरात नाहीत म्हणून.