बायचा दहावा

चहा घ्या, पण घोट गिळून झाल्यावरच पुढचं ऐका. मागे हे सांगताना एकाला ठसका लागला आणि त्याच्या पांढऱ्या शर्टाबद्दल मला आठवडाभर ऐकून घ्यावं लागलं. तर झालं असं की, मी एका माशाचा दहावा केला. खराखुरा. भात शिजवून, पिंड ठेवून, अख्खी वाडी नदीवर नेऊन.

वेडा आहेस का, असं विचारणार तुम्ही. विचारा, पण आधी मासा कोण ते तरी ऐकून घ्या.

आमच्या गावाखाली काजळी नदीला एक कोंड आहे. कोंड म्हणजे खोल डोह. उन्हाळ्यात बाकीची नदी गुडघ्याएवढी होते, पण ह्यात बांबूला बांबू जोडून घातला तरी तळ लागत नाही. तिथे खडस राहतात. शहरातली माणसं त्याला महासीर म्हणतात. तळहाताएवढे खवले आणि घासलेल्या तांब्याच्या हंड्यासारखा रंग. मुंबईहून हौशी लोक येतात, दिवसभर उन्हात गळ टाकून बसतात, मासा लागला की त्याला कडेवर घेऊन फोटो काढतात आणि परत पाण्यात सोडून देतात. ह्याला खेळ म्हणतात. माझी आई म्हणते, ह्यांच्या घरी कुणी जेवायला वाट बघत नसेल.

दोन वर्षांपूर्वी पुण्याहून मुग्धा मॅडम आल्या. हे मासे जातात कुठे, अंडी घालतात कुठे, उन्हाळा काढतात कुठे, हे शोधून काढायचं त्यांचं काम. मासा धरायचा, ओल्या कापडात आडवा ठेवायचा आणि पाठीवरच्या पराजवळ टाके घालून टॅग बसवायचा. टॅग म्हणजे बोटाच्या पेराएवढी पिवळी गोळी, मागे शेपटीसारखी बारीक तार, आत बॅटरी. काठावरून अँटेना फिरवली की हातातल्या डब्यात टिक टिक ऐकू येते. प्रत्येक माशाचा नंबर वेगळा. डब्यावर नंबर लावला की तेवढाच मासा बोलतो.

हे काम माझा दादा करायचा. मॅडम टाके घालायच्या आणि दादा माशाचं तोंड पाण्यात धरून त्याच्याशी बोलत बसायचा, "झालं गो बाय, झालं." पाचवा मासा सगळ्यात मोठा निघाला, मादी होती. तिचं नाव मग बायच पडलं. दिवाळीच्या आधी तिला सोडली आणि दिवाळीनंतर दादाला ताप आला. चार दिवसांचा ताप. बत्तीस वर्षांचा माणूस. जाऊ दे ते.

मॅडमनी त्याचं काम मला दिलं. माझं शिक्षण आठवीपर्यंत, म्हणजे आठवीच्या वर्गात बसलो होतो. पास झालो असं कुणी म्हणालं नाही. पण आकडे लिहिता येतात. दिवसातून तीन वेळा, पहाटे, दुपारी आणि संध्याकाळी, अँटेना घेऊन काठाने फिरायचं आणि पाचही मासे कुठे आहेत ते वहीत लिहायचं. बस.

चैत्रात मॅडम पुण्याला गेल्या होत्या. एक दिवस जेवण झाल्यावर मी सहज वही चाळत बसलो. बाय आज मोठ्या खडकाखाली. काल मोठ्या खडकाखाली. परवाही तिथेच. नऊ दिवस, पहाट म्हणू नका, संध्याकाळ म्हणू नका, बाय एका जागी.

फोन लावला.

"मॅडम, पाच नंबर नऊ दिवस हललीच नाही."

"अजिबात नाही?"

"अजिबात."

त्या म्हणाल्या, "टॅग एकाच जागी राहिला तर मासा मेलेला असू शकतो. किंवा..."

मी फोन ठेवला. 'किंवा'च्या पुढचं ऐकायची माझ्यात ताकद नव्हती. त्यांचा परत फोन आला, परत आला, मी उचलला नाही. बाय गेली. दादाने शेवटचा हात लावून पाण्यात सोडलेला जीव गेला. आणि कुणाच्या राखणीत? माझ्या.

मग एकदम डोक्यात आलं, नऊ दिवस झाले म्हणजे उद्या दहावा.

दुसरा कुणी असता तर रात्रभर विचार केला असता. माझा तसा स्वभाव नाही. पायात चप्पल घातली आणि तडक भटजींकडे गेलो.

"काका, उद्या सकाळी नदीवर दहावा आहे."

"अरे बाबा, कोण गेलं?"

"बाय. खडस. पाच नंबरची."

भटजींनी हातातलं पंचांग मिटलं, चष्मा काढून पंचांगावर ठेवला. "माशाचं गोत्र काय सांगू मी?"

"आमचंच सांगा. आमच्या दादाची होती ती."

दादाचा दहावाही भटजींनीच केला होता. "हे बघ," ते म्हणाले, "असलं काही शास्त्रात नाही, तेव्हा मी येणार नाही. पण उद्या आठ वाजता मला नदीपलीकडे सत्यनारायणाला जायचंय. वाटेत कुणी भात मांडून बसलेला दिसला, तर मी काय डोळे मिटून जाऊ?"

घरी आलो. आईला म्हटलं, "उद्या पिंडापुरता भात लाव." तिच्या हातातली पळी खाली पडली. सगळं सांगितलं. वाटलं, आता ती पळी उचलून पाठीत घालणार. पण ती तांदळाच्या डब्याकडे गेली. "पिंडापुरता कशाला," म्हणाली, "माणसं येतील. दोन शेर लावते."

माशाच्या दहाव्याला माणसं कुठून येणार? तुम्ही वाडीत राहिला नाहीत म्हणून विचारताय. सकाळी बघतो तर साठ-सत्तर माणसं काठावर. खालच्या वाडीतल्या दोन बायका तर रडतच आल्या. कोण गेलं ते त्यांना माहीत नव्हतं, पण दहावा आहे म्हटल्यावर रडण्यात चूक होण्यासारखं काही नव्हतं. एकाने तर मुंबईला फोन करून भावाला रजा टाकायला सांगितली होती.

शेजारचे आबा सगळ्यांत पुढे. सत्तरी उलटली तरी गावातलं एक मयत चुकवलेलं नाही. "आंघोळ केलीस?"

"केली."

"डोकं?"

"माशासाठी डोकं कशाला आबा?"

"मग दहावा तरी कशाला करतोस? अर्धवट नाय करायचं काय."

वस्तरा तयारच होता. दिवाळीनंतर गेलेले माझे केस आता कुठे भांग पाडण्याइतके आले होते. गेले.

पिंड खडकावर ठेवला. समोरच्या उंबरावर सहा-सात कावळे बसले होते. एक खाली उतरला, पिंडाभोवती चालत एक फेरी मारली, मान तिरकी करून वास घेतल्यासारखं केलं आणि परत फांदीवर जाऊन बसला.

"इच्छा राहिली हाय तिची," आबा म्हणाले. "बोला कोणीतरी."

आता माशाची इच्छा काय असणार? आई हात जोडून म्हणाली, "बाय, ह्या कोंडात साबणाने गोधड्या धुणार नाही आम्ही." कावळा जागचा हलला नाही. मागून कुणी म्हणालं, "गळवाल्या मुंबईकरांना परत येऊ देणार नाही." कावळा चोचीने पंख साफ करायला लागला. मग आबांनी मान वळवून सगळ्यांत मागे उभ्या असलेल्या बाबल्याकडे बघितलं. बाबल्या सुरुंग लावून मासे मारतो हे गावात सगळ्यांना माहीत, पण आजवर त्याच्या तोंडावर कुणी बोललं नव्हतं.

"बाबल्या, ये पुढे."

"मी काय केलंय आबा?"

"मला नको सांगूस. कावळ्याला सांग."

सगळ्यांनी वाट करून दिली. बाबल्या पुढे आला, कान खाजवला आणि पाण्याकडे बघत म्हणाला, "बाय, परत सुरुंग नाय लावणार ह्या कोंडात."

"आणि खालच्या?" आबा.

"खालच्या पण नाय."

कावळा तरी येईना. बाबल्या वैतागला. "आता काय हवं हिला? माझं तर सगळंच सोडवून घेतलान."

मग सगळे माझ्याकडे बघायला लागले.

इथे जरा थांबून एक सांगतो. दादाच्या दहाव्याला कावळा लगेच शिवला होता. मी पिंड ठेवून हात मागे घेतो न घेतो, तोवर शिवून मोकळा. सगळे म्हणाले, समाधानी जीव, काही मागे ठेवलं नाही. मला राग आला होता. माझ्याकडून काहीच नको होतं होय त्याला? मी रात्रभर शब्द जुळवून ठेवले होते, ते तसेच तोंडात राहिले. सहा महिने राहिले. त्या दिवशी ते माशासमोर बाहेर पडले.

"मासे खाणार नाही," मी म्हटलं. मागे कुजबुज झाली. रत्नागिरीत हे म्हणजे संन्यास घेण्यासारखं आहे. कावळा बसून. "आईवर ओरडणार नाही." कावळा बसून. "गाडी हळू चालवीन." तरी बसून. मग म्हटलं, "दहावीला बाहेरून बसतो. सतरा नंबरचा फॉर्म भरतो. दादा, तू इतकी वर्षं सांगत होतास, मी ऐकलं नाही. आता बसतो."

आईने पदर डोळ्यांना लावला. बाबल्यासुद्धा खाली बघत होता. कावळ्याने आमच्याकडे पाठ केली.

वाटेत थांबलेले भटजी बिचारे सत्यनारायणाच्या काळजीत. त्यांनी दर्भाचा कावळा केला, तो पिंडाला शिववला आणि म्हणाले, "सोड आता पाण्यात."

तेवढ्यात वर रस्त्यावर जीप थांबली. फोन उचलत नाही म्हणून मॅडम पहाटेच पुण्याहून निघाल्या होत्या. खाली येऊन बघतात तर ही गर्दी, बायका रडतायत, माझं डोकं भादरलेलं. त्यांनी बूट काढले, हळूच आईजवळ गेल्या आणि तिचा हात हातात घेतला.

"काकू, कोण गेलं?"

आई म्हणाली, "तुमची पाच नंबर."

मी पिंड पाण्यात सोडला. तो वीतभर खाली गेला असेल नसेल, मोठ्या खडकाखालून काहीतरी लांब, तांबूस, सावकाश वर आलं. पाठीवर पिवळी गोळी, मागे हलणारी तार. तोंड उघडलं, पिंड आत गेला, शेपटीचा एक फटका बसला आणि माझ्या ताज्या टकलावर पाणी उडालं.

बायने स्वतःचा पिंड खाल्ला.

खालच्या वाडीतल्या बायकांनी रडणं थांबवलं आणि एकमेकींना विचारलं, "मग गेलं कोण?" भटजींनी पिशवी उचलली. "मला उशीर होतोय," एवढंच म्हणाले आणि नदी पार करून गेले. मी मात्र पाण्यात गुडघ्यापर्यंत उभा राहून हसत होतो की रडत होतो, मला सांगता येणार नाही. जिवंत होती हो ती.

मॅडम काठावर बसल्या. "मी फोनवर 'किंवा' म्हणाले होते," त्या म्हणाल्या. "किंवा मासा दिवसा खडकाखाली सावलीला पडून असेल. उन्हाळ्यात मोठे मासे तसंच करतात. पहाटे आणि तिन्हीसांजेला बाहेर पडतात. पण मला कळत नाही, तुला पहाटेही ती तिथेच कशी सापडली? वही दे बघू."

वही दिली. त्यांनी पान उलटलं, अजून एक उलटलं.

"पहाटे गेला होतास?"

मी टकलावरून हात फिरवला.

गेलो नव्हतो. दुपारी एकदा जायचो आणि तेच तिन्ही रकान्यांत उतरवायचो. पहाट ही दादाची वेळ. तो निघताना मला हाक मारायचा, मी कूस बदलायचो, तो हसून एकटा जायचा. आता हाक येत नाही, तर उठायचं कशाला? हे काही मॅडमना सांगितलं नाही. "नाही," एवढंच म्हटलं. म्हणजे बाय मेलीच नव्हती. मी तिला वहीत मारली होती, दिवसातून दोनदा, नऊ दिवस.

वाटलं, काम गेलं. मॅडमनी वही मिटली. "उद्या पहाटे पाचला मी इथे येते. तूही ये."

गेलो. अंधुक उजेडात अँटेना फिरवली तर मोठ्या खडकाखाली काहीच नाही. पार वरच्या वळणापाशी टिक टिक सापडली, आणि ती टिक टिक चालत होती. खाली आली, आमच्या पायांपुढून गेली, परत वर गेली. मॅडम म्हणाल्या, "हे लिही." मी लिहिलं. त्या दिवसापासून पहाट चुकवली नाही.

मला वाटलं होतं, मासा जिवंत म्हणजे दहावा रद्द आणि दहावा रद्द म्हणजे बोललेलंही रद्द. तसं आबांना जाऊन म्हटलंही.

"मेलेली असती तर बघितला असता काहीतरी," आबा म्हणाले. "ही जिवंत हाय. सगळा ऐकून गेली हाय."

हाच न्याय बाबल्याला लागला. त्यानंतर दोन्ही कोंडांत एकदाही सुरुंग वाजला नाही. भेटला की मला शिव्या घालतो, पण वाजला नाही. आई बांगडे तळते आणि मी डाळ-भात खातो. आणि सतरा नंबरचा फॉर्म भरला. हो, खरंच.

पलीकडच्या वाडीत एक निवृत्त बाई आहेत, त्या शिकवायला तयार झाल्या. पहिल्या दिवशी आबाही बरोबर आले. सोबत म्हणून, असं म्हणाले. ओटीवर ऐसपैस बसले. बाईंनी मला दोन-चार गोष्टी विचारल्या आणि म्हणाल्या, "पाया कच्चा आहे. विज्ञान अगदी पहिल्यापासून घेऊ." पुस्तक उघडलं, चष्मा सारखा केला आणि पहिलाच प्रश्न विचारला:

"एखादा जीव जिवंत आहे की मेलेला, हे कसं ओळखशील?"

ओटीवर आबा खोकायला लागले.

मी म्हटलं, "बाई, हा प्रश्न ऑप्शनला टाकला तर चालेल का?"