पाटावरचं डिफरन्शियल

क्राऊनच्या दातांत मला अख्खा तांदूळ सापडला, तेव्हा पल्लवीचं लग्न दुसऱ्या दिवसावर आलं होतं. आणि तिच्या बापाची जीप माझ्या अंगणात मागच्या चाकांशिवाय विटांवर उभी होती.

पल्लवी ही आमच्या पिपरी मेघेतल्या प्रकाशची एकुलती एक मुलगी. प्रकाश केळझरच्या रस्त्यावर प्रवासी जीप चालवतो. तिला सासरी, सिंदीला, न्यायला नवरदेवाकडून एसी गाडी येणार होती. तिने बापाला स्वच्छ सांगितलं, "मी आपल्याच जीपमधून जाईन." त्या जीपवरच तिचं शिक्षण झालं होतं. प्रकाशने शब्द दिला आणि त्याच आठवड्यात तो माझ्याकडे आला. मी बस डेपोच्या वर्कशॉपमधून हेड मेकॅनिक म्हणून रिटायर झालेला माणूस.

"काका, मांगून कुंईकुंई आवाज येऊन राह्यला."

"तेल कधी पाहिलं होतं?"

"कोणतं तेल?"

मी सरळ जॅक आणायला उठलो.

औत वळवताना बाहेरच्या बैलाला जास्त चालावं लागतं. गाडी वळताना मागच्या चाकांचंही तसंच असतं. दोन्ही चाकांना कमीजास्त फिरू देणारा गिअरचा जो गोळा मागच्या एक्सलमध्ये असतो, तो डिफरन्शियल. त्यातलं मोठं दातेरी चाक म्हणजे क्राऊन आणि त्याला फिरवणारा छोटा गिअर म्हणजे पिनियन. प्रकाशच्या जीपमध्ये दोघांचेही दात झिजले होते. नागपूरहून नवा सेट आणि नवी बेअरिंगं आणवली आणि मी घरीच काम काढलं.

बसवणं सोपं असतं, जुळवणं अवघड. दातांना रंग लावून हाताने फिरवायचं आणि रंग कुठे पुसला गेला ते पाहायचं. ठसा दाताच्या मधोमध यायला हवा. सरकला तर शिम, म्हणजे पातळ पत्र्याच्या चकत्या, कमीजास्त करायच्या. वर्कशॉपमध्ये यासाठी निळ्या रंगाची ट्यूब असायची. माझ्या पेटीतली वाळून दगड झाली होती. मग जुन्या मिस्त्र्यांची युक्ती आठवली. ते शेंदूर तेलात कालवून लावायचे. मी देवघरातली डबी उचलली.

"विचाराले तं पाह्यजे होतं," आमची ही म्हणाली.

"काम झाल्यावर विचारतो."

दुपारपर्यंत ठसा बरोबर मधोमध आला. मी खूश झालो आणि हात धुऊन जेवायला आत गेलो.

आता हे बाहेरून कसं दिसत असेल ते पाहा. वार शनिवार. कडुनिंबाची सावली. खाली पाट, कारण अंगणात सपाट असं तेवढंच होतं. आणि पाटावर शेंदूर फासलेलं काहीतरी गोल आणि जड.

मी बाहेर आलो तेव्हा त्याच्या गळ्यात रुईच्या पानांचा हार होता. अक्षता वाहून झाल्या होत्या. शेजारच्या आजीबाई हात जोडून उभ्या होत्या. आणि प्रकाश, वीस वर्षं गाडी चालवलेला माणूस, पिनियनच्या टोकावर नारळ फोडत होता.

"काऊन रे, हे काय करून राह्यला?"

"तुम्हीच तं मांडलं, काका. आजी पूजा करून राह्यल्या होत्या. म्हटलं, पोरीचं काम हाय, आपण काऊन मांगं राहा?"

"अरे, हे डिफरन्शियल आहे."

"मले माहीत हाय नं. म्हणूनच तं नारळ आणला."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बेअरिंगमध्ये नारळाचं पाणी म्हणजे गंज, आणि तांदळाचा दाणा अडकला तर नव्या बेअरिंगचीही वाट लागणार. वरात केळझरजवळ बंद पडली असती आणि पल्लवी शेवटी एसी गाडीतूनच गेली असती. मी सगळं पुन्हा खोललं.

प्रकाश एकेक भाग डिझेलमध्ये धूत होता. हिने चष्मा लावला, परात घेतली आणि दातादातांतले तांदूळ निवडले. मग पुन्हा जुळवणी, पुन्हा शेंदूर. या वेळी फाटकाला साखळी घालून मी पाटाशेजारीच बसून राहिलो. संध्याकाळी सगळं बसलं. तेल मी प्रकाशलाच भरायला लावलं, म्हणजे कोणतं तेल ते एकदाचं कळेल. केळझरपर्यंत जाऊन आलो. आवाज नव्हता.

दुसऱ्या दिवशी मांडवात अक्षता उडाल्या, तेव्हा माझे हात आपोआप डिफरन्शियलवर झाकायला फडकं शोधत होते. निरोपाच्या वेळी सगळे रडत होते आणि मी मागच्या एक्सलकडे कान लावून उभा. जीप कोपऱ्यावरून वळली. आत पल्लवी रडत होती, स्टीअरिंगवर प्रकाश रडत होता. डिफरन्शियल तेवढं गप्प होतं. मग मलाही रडू आलं.

झिजलेला जुना क्राऊन अजून त्याच कडुनिंबाखाली पडलाय. भंगारवाला दोनदा आला, पण हिने त्याला हात लावू दिला नाही. त्या क्राऊनवर दर शनिवारी ताजं फूल असतं. तर सांगायचं एवढंच की ठसा पाहायला शेंदूर उत्तम. फक्त वार पाहून लावावा.